कोणाच्या घड्याळाने मागास?

(द्वितीय वर्ष, कला)

काही शब्द आपण रोज वापरतो, पण उघडून पाहत नाही. ‘मागास’ हा असाच एक शब्द. तो शिष्यवृत्तीच्या अर्जावर असतो, वर्तमानपत्रात असतो, पाहुण्यांच्या भाषणात तर असतोच असतो. मागास भाग, मागास जमात, मागासलेले विचार. मी वारली, पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची. तेव्हा या शब्दाशी माझी ओळख अगदी जन्मापासूनची! परंतु गेल्या वर्षी कधीतरी माझ्या ध्यानात आले, की हा शब्द मुळात काळाचा आहे. मागास म्हणजे जो मागे राहिला तो. सगळे जग एकाच रस्त्याने चालले आहे, काही लोक पुढे पोचले आहेत, आणि आम्ही अजून कुठल्या तरी मागच्या वळणावर रेंगाळत आहोत, असे हा शब्द न बोलता सांगून जातो. आज सकाळी माझी आजी आणि मुंबईतला एखादा डॉक्टर एकाच सूर्याने जागे झाले. तरी डॉक्टर आजचा आणि आजी कालची!

‘आदिवासी’ हा शब्दही काळाचाच. आदि म्हणजे सुरुवातीचा. शब्द मानाचा आहे, मला प्रियही आहे. पण ऐकणारा त्यातून निराळेच ऐकतो. शाळेच्या पुस्तकात आम्ही पहिल्या एकदोन धड्यांत येतो; यंत्रे, कारखाने नि अवकाशयाने सुरू झाली की आम्ही दिसेनासे होतो. वस्तुसंग्रहालयात आमचा तारपा काचेआड ठेवलेला असतो. ज्याला सगळे जण कालचा समजतात, त्याला उद्याच्या जगात जागा कोण ठेवणार? हा प्रश्न मला छळू लागला. त्यावर विचार करायला मला जिथे आधार मिळाला ते ठिकाण ऐकून कदाचित आपल्याला हसू येईल. तो आधार मला विज्ञानकथेत मिळाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. पावसाळा संपला की दोघे वीटभट्टीवर जात, आणि मी आश्रमशाळेत. तिथल्या लहानशा कपाटात मला डॉ. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ हे पुस्तक सापडले. १९७९ साली निघालेले ते पुस्तक माझ्या हाती येईपर्यंत त्याची पाने पिवळी पडली होती. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, हे मला पुढे कळले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्ट सांगण्यासाठी नाव लपवावे, याची मला मोठी गंमत वाटली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे झाले. त्यांच्या कथांनी मला आकाशाकडे पाहायला शिकवले.

तरी एक खंत होती. मी जेवढ्या म्हणून भविष्यकाळाच्या गोष्टी वाचल्या, मराठी काय नि इंग्रजी काय, त्यांत मोठी शहरे होती, प्रयोगशाळा होत्या, परग्रहावरचे लोक होते. पाडा मात्र नव्हता. परग्रहावरच्या माणसांना जागा होती, आम्हांला नव्हती! आश्रमशाळेत एकदा ‘२०५० सालचे माझे गाव’ असा निबंध घातला होता. वर्गात सगळी आमचीच मुले. सगळ्यांनी उंच इमारती लिहिल्या, उडत्या मोटारी लिहिल्या. कोणाच्याही निबंधात महुआ नव्हता, नाचणी नव्हती, भगत नव्हता. चाळीस मुलांनी चाळीस निबंधांतून आपापले गाव पुसून टाकले, आणि प्रत्येकाला चांगले गुण मिळाले.

कॉलेजात आल्यावर आमच्या इंग्रजीच्या सरांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या संग्रहातले एक पुस्तक घेऊन आले: ‘द मॅरो थीव्ह्ज’. लेखिका चेरी डिमालिन. त्या कॅनडातल्या मेटी समाजाच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. पुस्तक २०१७ सालचे. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला मला पूर्ण दोन महिने लागले.

गोष्ट अशी. पुढच्या काळात हवामान बिघडून पृथ्वीची दैना झाली आहे, आणि माणसांना स्वप्ने पडेनाशी झाली आहेत. स्वप्नांवाचून माणसे वेडी होत चालली आहेत. स्वप्ने उरली आहेत ती फक्त मूळ रहिवाशांना. ती त्यांच्या हाडांतल्या मगजात असतात, असा शोध लागतो. मग त्यांची शिकार सुरू होते. पकडलेल्या माणसांना एका जागी नेऊन त्यांचा मगज काढून घेतात. आणि त्या जागेला नाव काय, तर ‘शाळा’! फ्रेंची नावाचा मुलगा जंगलातून उत्तरेकडे पळतो आहे. त्याच्याबरोबर असलेल्या लहानशा टोळीत मिनर्व्हा नावाची एक म्हातारी आहे. ती हळू चालते, तिचा कोणाला फारसा उपयोग नाही असे वाटते. पण जुनी भाषा आहे ती तिच्यापाशी. शेवटी ती पकडली जाते. तिला यंत्राला जोडतात, आणि ती आपल्या भाषेत गाऊ लागते. त्या भाषेतली स्वप्ने यंत्राला पेलवत नाहीत. यंत्र मोडते, शाळा जळून जाते.

मी हे पान वाचले तेव्हा वसतिगृहात सगळ्या जणी झोपल्या होत्या. माझी आजी धवलेरी आहे. आमच्याकडे लग्न ब्राह्मण लावत नाही. धवलेरी गाणी म्हणते, सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि लग्न लागते. एका म्हातारीच्या गाण्याने यंत्र मोडते, हे लिहायला कॅनडातल्या त्या बाईला कोणी सांगितले असेल?

कोणी सांगावे लागलेच नाही, हे मला पुढे समजले. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारच्या पैशाने नि चर्चच्या व्यवस्थेखाली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालत होत्या. अशा १३० हून अधिक शाळा झाल्या. जवळजवळ दीड लाख मुले घरापासून तोडून त्यांत घातली गेली. केस कापले, नावे बदलली, घरची भाषा बोलल्यास शिक्षा केली. कितीतरी मुले परत आलीच नाहीत. शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात! याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये अहवाल दिला, आणि या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. म्हणजे डिमालिन यांनी भविष्य म्हणून जे लिहिले, ते त्यांच्या लोकांनी आधीच भोगलेले होते.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आमची आश्रमशाळा तशी नव्हती. तिथे मला दोन वेळचे जेवण मिळाले, तिथेच मी वाचायला शिकले. ती नसती तर मी भट्टीवर विटा थापत असते. परंतु भाषा मात्र फाटकाशीच राहत असे. ‘नीट बोल’ याचा अर्थ ‘घरच्यासारखे बोलू नकोस’ असाच होता. कोणी मारले नाही; नुसते हसले. मारण्याने जे व्हायला वेळ लागला असता ते हसण्याने लवकर झाले. माझ्या धाकट्या भावाला आज आजीचे अर्धे बोलणे कळत नाही.

या वाटेने मी पुढे वाचत गेले. अशा लेखनाला आता एक नावही आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापिका ग्रेस डिलन यांनी ‘इंडिजिनस फ्यूचरिझम्स’ हा शब्द रूढ केला. आपण त्याला मूळ रहिवाशांची भविष्यकल्पना म्हणू. त्या स्वतः अनिशिनाबे वंशाच्या. २०१२ साली त्यांनी ‘वॉकिंग द क्लाउड्ज’ नावाचा अशा विज्ञानकथांचा संग्रह संपादित केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जगाचा अंत पुढे कधीतरी व्हायचा आहे असे इतर लोक समजतात; आमच्या लोकांवर तो येऊन गेला आहे, आणि आम्ही त्यानंतरच्या काळात जगत आहोत.

वॉबगेशिग राइस या अनिशिनाबे लेखकाची ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ ही २०१८ ची कादंबरी याच विचारावर उभी आहे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका वस्तीत ऐन हिवाळ्यात वीज जाते, फोन बंद पडतात, शहराकडून रसद येत नाही. बाहेरचे जग कोसळले आहे. तरुण मंडळी घाबरतात. तेव्हा आयलीन नावाची वृद्ध बाई सांगते, की हे काही नवे नाही. गोरे आले तेव्हा आपले जग संपले, जंगल तोडले तेव्हा संपले, मुले नेली तेव्हा संपले, आणि दर वेळी आपण उरलो. ज्यांना शिकार येते, लाकूड फोडता येते, एकमेकांना वाटून खाता येते, तेच त्या हिवाळ्यात टिकतात. म्हणजे घड्याळ उलटे फिरले! ज्याला मागास म्हणत होते तोच पुढच्या काळाला तयार निघाला.

ऑस्ट्रेलियातल्या नूंगार समाजाच्या क्लेअर कोलमन यांनी तर आणखी मोठी करामत केली आहे. ‘टेरा नलियस’ या त्यांच्या २०१७ च्या कादंबरीत बाहेरून आलेले वसाहतवाले आहेत, त्यांनी बळकावलेली जमीन आहे, पळून चाललेले मूळ रहिवासी आहेत. आपण समजतो, ही दीडदोनशे वर्षांपूर्वीची हकीकत. आणि अर्ध्या वाटेवर एकदम उलगडते, की आलेले लोक परग्रहावरचे आहेत आणि मूळ रहिवासी म्हणजे सगळी माणसे, गोरी-काळी सगळी! कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘कोणाचीच नसलेली जमीन’. याच समजुतीवर इंग्रजांनी ऑस्ट्रेलिया घेतला, आणि ती समजूत खोटी होती हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात मान्य केले. एच. जी. वेल्सने १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरच्या लोकांची स्वारी लिहिताना टास्मानियाच्या लोकांचा केलेला संहार वाचकांना आठवून दिलाच होता. म्हणजे परग्रहवासीयांच्या स्वारीची ही प्रसिद्ध गोष्ट मुळातच वसाहतीच्या पापाशी जोडलेली. फरक एवढाच, की वेल्सने ती भीती लंडनच्या माणसाच्या बाजूने लिहिली. आता ज्यांच्यावर स्वारी झाली ते लिहीत आहेत.

हे सारे दूरदेशीचे. मग पालघरच्या मुलीने त्यात एवढे का रमावे? कारण ‘कोणाचीच नसलेली जमीन’ आमच्याकडेही झाली होती. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस एका कागदाने तिथला उपरा ठरला. खालची जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. वारली वेठीला लागला. लग्नासाठी पैसे घेतले तर नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. आपल्या देशाच्या संसदेने २००६ साली वनहक्काचा कायदा केला, तेव्हा वनवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्या कायद्यातच लिहिले. अन्याय कबूल व्हायला एवढा काळ लागला.

परंतु कायद्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट घडली होती. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर तिथे होत्या. पुढे त्यांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली, आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे त्या सभेत ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. तरीही वेठ गेली ती गेलीच. माझ्या आजीचे वडील झरीला चालत गेले होते. तिथे जमलेल्यांपैकी एकानेही वेठ नसलेले जग पाहिले नव्हते. त्यांच्या बापाने पाहिले नव्हते, आज्याने पाहिले नव्हते. कधी न पाहिलेले जग त्यांनी आधी मनात पाहिले आणि मग हात वर केले. मला विचाराल तर आमच्या लोकांची पहिली भविष्यकथा झरीला झाली. ती कागदावर लिहिली नव्हती, एवढेच.

माझ्या एका मैत्रिणीला हे पटत नाही. ती म्हणते, “गोष्टींनी पोट भरत नाही. तू स्पर्धा परीक्षा दे, साहेब हो, मग पाड्यासाठी काय करायचं ते कर.” बाबाही तेच म्हणतात, फक्त कमी शब्दांत. त्यांचे खोटे नाही. परीक्षा तर मी देणारच आहे. दुसरे एक जण म्हणाले, “भविष्याच्या गोष्टीत भगत नि देव आणणार, म्हणजे पुन्हा मागेच जाणार की!” यावर मात्र माझ्यापाशी उत्तर आहे. अनिशिनाबे भाषेत ‘बिस्काबियांग’ असा एक शब्द आहे. आपल्या स्वतःकडे परतणे, असा त्याचा अर्थ डिलन सांगतात. परतणे म्हणजे जुने सगळे जसेच्या तसे डोक्यावर घेणे नव्हे. लादलेले काय ते ओळखून टाकायचे, आपले काय ते शोधून उद्याच्या कामाला लावायचे. कोणत्या गोष्टी टाकायच्या याची माझी स्वतःची यादी आहे. दारूने बुडालेली घरे मला माझ्या भविष्यात नकोत, आजारी माणसाला दवाखान्यात न नेता बसवून ठेवणेही नको. पण ही यादी आम्ही करू. ती दुसऱ्या कोणी करून आमच्या हाती देऊ नये.

आणि खरे तर आमच्या बायामाणसांनी ही वाट केव्हाच धरली आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर आली म्हणून ती चित्रे मेली नाहीत. तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्याच त्रिकोणांच्या माणसांशेजारी आज आगगाडी दिसते, विमान दिसते, कानाला फोन लावलेला माणूस दिसतो. आगगाडी आली म्हणून तारप्याभोवतीचा फेर सुटलेला नाही. ती त्या फेराच्या बाजूने जाते. आमच्या चित्राला भविष्याचे भय नाही. मग आमच्या गोष्टीलाच का असावे?

भय नसले तरी घाई आहे. कारण दुसऱ्यांनी काढलेले भविष्य आमच्या दारात आले आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणार आहे. एस.टी.च्या खिडकीतून तिचे खांब दिसतात. पलीकडे वाढवणला मोठे बंदर व्हायचे आहे. त्याचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले. गाडी वाईट, बंदर वाईट, असे म्हणायला मी हा लेख लिहीत नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की या उद्याचे चित्र काढताना पिठाची वाटी कोणाच्या हातात होती? ३२० च्या वेगाने जाणाऱ्याला खिडकीतून पाडा दिसेल का?

म्हणून मी स्वतः एक गोष्ट लिहायला घेतली. साल २१००. पाड्याचे जंगल पाड्याच्या ग्रामसभेकडे आहे. बुलेट ट्रेन आहे, आणि ती आमच्या पाड्याला थांबते, कारण ग्रामसभेने तशी अट घातली होती. तीच गाडी चालवणारी आमचीच एक मुलगी लग्नासाठी रजा घेऊन घरी येते. सवाशिणी चौक लिहितात. त्यात देवीच्या भोवती झाडे, पाखरे आणि एका कोपऱ्यात ती गाडी. कोणी कोणाचे कर्ज घेतलेले नाही, लग्नगडी हा शब्द कोणाला आठवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही गोष्ट आजीला आमच्या बोलीत सांगितली. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले नि शांतपणे विचारले, “लगीन कोन लावतं तुझ्या गोष्टीत?”

“धवलेरी.”

“ती कोनाकडं शिकली?”

सगळे विज्ञान मी विचारात घेतले होते. गाडीचा वेग, विजेचा हिशोब, सगळे. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या आसपासच्या पाड्यांवर आजीनंतर गाणारी कोणी तयार झालेली नाही. मी फोन पुढे केला, म्हटले, तू गा, मी साठवून ठेवते. आजी हसली. “फोनात ठेवशील, मग फोन लगीन लावील का?”

मित्रमैत्रिणींनो, या अंकात पुष्कळ चांगल्या कविता आहेत, प्रवासवर्णने आहेत. पण आपल्या कॉलेजात ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, मल्हार कोळी आहेत, आगरी नि मच्छीमारांची मुले आहेत. त्यांच्या पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. ती आपण नाही लिहिली तर रिकामी राहणार नाही. दुसरे कोणीतरी ती भरून टाकील, आणि तिच्यात आपण कुठे नसू. लिहिताना तुम्हालाही घरातले एखादे म्हातारे माणूस असाच साधा प्रश्न विचारील. त्याचे उत्तर कागदावर मिळायचे नाही. ते शिकूनच घ्यावे लागेल.

सुट्टी संपेपर्यंत मी रोज रात्री आजीजवळ बसले. ती म्हणे, मी मागून म्हणे. चुकले की ती मांडीवर चापट मारी नि पुन्हा पहिल्यापासून. तिने माझ्या पाठीवर हात ठेवून “बरं हाय” म्हणावे इतपत मला आता तीन गाणी येतात. लग्न लागायला याहून पुष्कळ लागतात.